कायम पन्नाशीत

तिचे वय विचारावे लागत नाही. लोड डिस्पॅचच्या प्रत्येक कंट्रोल रूममध्ये ते भिंतीवर, लाल आकड्यांत, शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना दिसेल असे झळकत असते. ४९.९८. क्षणभराने ५०.०१. मग ५०.००, आणि आता ही टेकली असे वाटते न वाटते तोच पुन्हा ४९.९९. आमच्या ओळखीला चाळीस वर्षे होत आली. माझे केस गेले, चष्म्याचा नंबर वाढला, मी निवृत्त झालो. ती आपली आहे तिथेच, पन्नाशीत. अमेरिकेत तिची बहीण असते, ती कायम साठीत. जपानात तर दोघी एकाच देशात नांदतात, पूर्वेला पन्नाशीची आणि पश्चिमेला साठीची, आणि दोघींचे थेट बोलणे नाही.

पुस्तकात तिचे नाव ‘वारंवारता’, विजेच्या लाटेचे सेकंदाला पडणारे ठोके. त्या नावाने तिला हाक मारलेली मी तरी ऐकलेली नाही. शिफ्टवरची माणसे तिला फ्रिक्वेन्सी म्हणतात आणि घरातल्या थोरल्या बाईबद्दल बोलावे तसे तिच्याबद्दल बोलतात. “आज फ्रिक्वेन्सी कशी आहे?” “सकाळपासून जरा खालीच.” “मघाशी पाऊस झाला ना, शेतीपंप बंद पडले, तेव्हापासून वर चढून बसलीय.” चार्ज घेताना पहिली चौकशी तिची, मग चहाची.

तिची-माझी पहिली भेट कॉलेजच्या मशीन्स लॅबमध्ये झाली आणि ती काही सुखाची नव्हती. टेबलावर एक अल्टरनेटर, त्याला फिरवणारी डीसी मोटर, भिंतीवरून आलेला मेन्सचा सप्लाय आणि दोहोंच्या मध्ये पात्यांचा जुना स्विच. तिन्ही पात्यांना एकेक बल्ब जोडलेला. प्रयोगाचे नाव लांबलचक, काम एवढेच की आपला अल्टरनेटर मेन्सला जोडायचा. रिओस्टॅट फिरवत वेग मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या जवळ आणला की तिन्ही बल्ब एकदम उजळायला आणि एकदम मंदावायला लागतात. वेगात फरक जास्त असेल तर धाप लागल्यासारखे भराभर. फरक कमी झाला की संथ, इतके संथ की बल्ब विझल्यावर किती वेळ विझलेले राहतील हे मनात मोजता यावे. ते विझलेले असतात तेव्हा दोन्हीकडच्या लाटा एकमेकींवर तंतोतंत बसलेल्या असतात. तोच मुहूर्त, जोडायचे ते अंधारात. लॅबमधले काका म्हणाले, “घाई करू नको. तीन अंधार नुसते बघ, चौथ्याला दे.”

मी दुसऱ्याच उजेडाच्या उतरणीवर दिला. टेबलाखालून कुणी घण घालावा तसा आवाज झाला, खालचे बोल्ट कुरकुरले आणि फ्यूज उडाला. काका फ्यूजची तार शोधत एवढेच म्हणाले, “तिला काही झालं नाही. तुझ्या मशीनला विचार कसं वाटलं ते.”

पुढच्या वेळी मी चौथ्या अंधाराची वाट पाहिली. पाती बसल्याचा खट् आवाज सोडला तर काहीच झाले नाही. बल्ब विझलेलेच राहिले. मग काकांनी पुन्हा रिओस्टॅट फिरवायला लावला. मी फिरवला, वेग मोजणारा काटा हलेना. अजून फिरवला, तरी १,५०० चे १,५००. हलला तो वॅटमीटरचा काटा. एकदा त्या घरात गेलात की तुमची चाल तुमची राहत नाही. जोर लावला तर वेग वाढत नाही, फक्त तुमच्या वाट्याचे काम वाढते. सासुरवाशिणींना हे न शिकवता कळते; आम्हा मुलांना त्यासाठी लॅब लागली.

तिचे घर, म्हणजे ग्रीड, काय असते हे नोकरीला लागल्यावर समजले. औष्णिक केंद्रातला मोठा टर्बाइन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेतो. जलविद्युतचा जरा बेताने फिरतो, पण त्याच्या रोटरवर चुंबकाचे ध्रुव जास्त असतात. वीस ध्रुव असले की ३०० फेऱ्यांत तोच पन्नासचा सूर निघतो. कुणी कोळसा खातो, कुणी पाणी पितो, कुणाची चाल दुडकी, कुणाची भरधाव. सगळे मिळून तिला घडवतात आणि सगळे तिच्याच तालावर चालतात. ती कुठल्या एका यंत्रात राहत नाही. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरखाली उभे राहिलात तर जी गुणगुण ऐकू येते ती मात्र तिचीच, दुप्पट होऊन आलेली, सेकंदाला शंभरची.

स्वभावाने अतिशय सरळ. कुणाला हुकूम सोडत नाही. फक्त खरे तेवढे सांगते आणि सगळ्यांना एकाच वेळी सांगते. वीज साठवून ठेवण्याची सोय अजून नावापुरतीच, त्यामुळे ज्या क्षणी जेवढी लागते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. संध्याकाळी सात वाजता घरोघरी दिवे लागले, मिक्सर फिरले, की जास्तीची वीज पहिल्या क्षणी कुठून येते? बॉयलरला अजून पत्ताही नसतो. ती येते फिरणाऱ्या रोटरांच्या अंगच्या वेगातून. शेकडो टनांची ती धुडे आपल्या कनवटीची पुंजी मोडतात आणि किंचित मंदावतात. तेवढ्याने ती ४९.९५ होते. हा आकडा म्हणजे तिचा निरोप: खर्च वाढलाय, कमाई कमी पडतेय. हा निरोप द्यायला फोन लागत नाही. काश्मीरच्या धरणावरचे यंत्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे यंत्र एकमेकांची भाषा न जाणता तो ऐकतात.

ऐकतो तो प्रत्येक यंत्राचा गव्हर्नर. त्याचे वळणही ठरलेले. बहुतेक ठिकाणी पाच टक्के, म्हणजे ती अडीच हर्ट्झने घसरली तर त्या यंत्राने आपली सगळी ताकद लावायची. एवढी ती सहसा घसरत नाही. पण दशांश हर्ट्झने जरी खाली आली तरी ५०० मेगावॅटच्या युनिटने २० मेगावॅट वाढवायचे आणि २०० च्या युनिटने ८. ज्याची जेवढी ऐपत तेवढा त्याचा वाटा, गावजेवणाच्या वर्गणीसारखा. नवख्याला वाटते, एखाद्या तगड्या यंत्रालाच सांगावे की काहीही कर पण पन्नास सोडू नकोस. एकाला सांगितले तर चालते. दोघांना सांगितले की संपले. दोघांच्या पन्नासात केसभर फरक असतोच. एक वर ओढतो, दुसरा खाली, आणि दोघे एकमेकांशी झगडत बसतात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. म्हणून प्रत्येकाला थोडे नमते घ्यायला शिकवलेले असते. त्या नमते घेण्याला ‘ड्रूप’ म्हणतात.

नमते घेण्यात एक उणीव राहते. घसरण थांबते, पण ती पन्नासला परत येत नाही, जरा खालीच टेकून राहते. तिला वर आणण्याचे काम दुसऱ्या फळीचे. अर्ध्या मिनिटानंतर कंट्रोल सेंटरचा संगणक निवडक केंद्रांना दर काही सेकंदांनी बारीक बारीक सूचना देत राहतो. तिसरी फळी माणसांची: राखीव ठेवलेली युनिटे उठवायची, कुणाचे शेड्यूल बदलायचे. आणि काहीच पुरले नाही तर ४९.४ च्या आसपास उपकेंद्रांतले रिले कुणालाही न विचारता फीडर पाडायला लागतात. गावात लोक म्हणतात लाइट गेली. आम्ही म्हणतो, तिला वाचवले.

गणिती लोकांनी या एका सुरात येण्याच्या प्रकाराचा पाठलाग फार पूर्वी सुरू केला. १६६५ मध्ये ख्रिस्तियान हॉयगन्स आजारपणात अंथरुणावर पडून होता. एकाच तुळईला टांगलेली दोन लंबकाची घड्याळे त्याला दिसली: एक डावीकडे जाई तेव्हा दुसरे उजवीकडे, न चुकता. मुद्दाम बिघडवली तरी अर्ध्या तासात पुन्हा तशीच. तुळईतल्या सूक्ष्म हादऱ्यांतून ती एकमेकांना निरोप देत होती. १९७५ मध्ये योशिकी कुरामोतो यांनी असा मेळा कधी जमतो याचे समीकरण मांडले. प्रत्येकाची मूळ चाल वेगवेगळी असते. आपसातला दुवा एका मर्यादेपेक्षा सैल असेल तर जो तो आपल्या वाटेने जातो, मर्यादा ओलांडली की एकदम मेळ धरू लागतो. पुढे प्रश्न आला जाळ्यावर ताबा ठेवण्याचा. हजारो गाठींच्या जाळ्यात प्रत्येक गाठीला हात लावणे परवडत नाही. मग मोजक्याच गाठी खुंटीला बांधायच्या; बाकीच्यांना त्यांच्या शेजाऱ्यांनी ओढून आणायचे. या युक्तीचे नावच ‘पिनिंग’. खुंट्या किती आणि कुठे मारायच्या, यावर शोधनिबंधांचे ढीग आहेत.

पुण्याच्या माणसाला त्यासाठी निबंध वाचावा लागत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत शंभर ढोल असतात, ताशे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. प्रत्येक ढोलवाल्याला कुणी वेगळा हात दाखवत नाही. ताशांनी लय धरली की जवळचे ढोल तिच्यात येतात, त्यांच्यामुळे त्यांच्या मागचे. आणि पथक फार लांबले की काय होते, तेही त्याला ठाऊक असते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर मागच्या ढोलाला ताशा एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. द्रुत लयीत तेवढ्याने घात होतो. मागचा ऐकून वाजवतो तोवर पुढचा पुढे गेलेला असतो. मग मागचा घाई करतो, आणि पथक फाटते. उशिरा कळलेल्या बातमीवर जोरात उपाय करणे हा ताबा ठेवण्याच्या शास्त्रातला सगळ्यात जुना अपघात. उतावळा गव्हर्नर तिला सावरायला जातो आणि झोके द्यायला लागतो.

आमच्याकडचा ताशा म्हणजे कोयना. सह्याद्री पोखरून पाणी पश्चिमेला उतरते आणि पोफळीला डोंगराच्या पोटातली यंत्रे फिरतात. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट. औष्णिक युनिट तासाच्या हिशेबात हलते, कोयना मिनिटांच्या. संध्याकाळी ती घसरू लागली की पहिली आठवण कोयनेची. पण या ताशालाही वर्षाचे पाणी मोजून मिळते: कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणून कोयना कधी चालवायची यापेक्षा कधी चालवायची नाही, हा डिस्पॅचरचा खरा अभ्यास.

तिचे वाईट दिवसही मी पाहिलेत. नव्वदच्या दशकात ती कधी ४८ च्या खाली जाई, तर पूर्वेच्या ग्रीडमध्ये रात्री ५१ च्याही वर. पंखे मंद, मोटारी गरम. प्रत्येक राज्याला वाटे, मी थोडी जास्त ओढली तर काय बिघडले? बिघडायचे ते तिचे, आणि ती सगळ्यांची असल्यामुळे तिची काळजी करणारे कुणीच नव्हते. शेवटी तिला बाजारात बसवले. जुलै २००२ पासून, आणि पहिल्यांदा आपल्याच पश्चिम विभागात, ठरल्यापेक्षा जास्त ओढलेल्या विजेचा भाव तिच्या आकड्यावर ठरू लागला. ती खाली गेली की भाव चढे, वर आली की उतरे. परिपत्रकांनी जे झाले नव्हते ते बिलांनी केले. पुढे ती सुधारली तसा तिला मोकळे सोडायचा पट्टाही आवळत आणला. आज तो ४९.९० ते ५०.०५ एवढाच आहे.

आणि दरम्यान तिचा संसार वाढत गेला. पूर्वी देशात अशा पाच जणी होत्या, प्रत्येकीचे घर वेगळे. १९९१ मध्ये पूर्व आणि ईशान्य एक झाल्या, २००३ मध्ये पश्चिम येऊन मिळाली, २००६ मध्ये उत्तर. दक्षिण तेवढी वेगळी राहिली. तिच्याशी देवघेव चाले ती दुभाष्यामार्फत. असा एक दुभाषी आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला बसलेला आहे: इकडची एसी वीज घ्यायची, तिची डीसी करायची आणि पलीकडच्या सुरातली एसी करून द्यायची. एक हजार मेगावॅट असे जात, पण दोघी एकमेकींना ओळखत नसत. मग ३१ डिसेंबर २०१३ च्या रात्री साडेआठच्या सुमारास सोलापूर ते रायचूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली आणि देशभर एकच सूर झाला. लोक नवीन वर्षाच्या तयारीत होते. मी ड्यूटीवर नव्हतो, तरी घरी बसून माझ्या डोळ्यांसमोर लॅबमधले ते तीन बल्बच येत होते. इथे बल्बांच्या जागी सिंक्रोस्कोपचा काटा, तो संथ फिरत बाराच्या खुणेकडे येत असणार, आणि दोन्ही बाजूंना निम्मे-निम्मे भारतवर्ष नसले तरी काही लाख मेगावॅटचा पसारा.

घर मोठे झाले की आधार वाढतो आणि एकाचे दुखणे सगळ्यांना लागायची वाटही वाढते. ३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास उत्तरेचे ग्रीड कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही. साठ कोटींच्या आसपास लोक अंधारात. गंमत म्हणजे पहिल्या रात्री कोसळण्याआधी ती ४९.७ च्या आसपास होती, काही मरणपंथाला लागलेली नव्हती. ती जे सांगते ते खरे सांगते, पण सांगते ती फक्त बेरीज. घरात एकूण जेवण पुरेसे आहे हे तिला कळते. कुणाच्या ताटात जातेय ते नाही. पश्चिमेकडे वीज मुबलक होती, उत्तर हातचे न राखता ओढत होती, आणि मधल्या थोड्याच लाइनींवर सगळा ताण. बिना–ग्वाल्हेर लाइनवर कुठेही शॉर्ट सर्किट नव्हते. भार इतका झाला की रिलेला तो बिघाडच वाटला आणि त्याने लाइन पाडली. मग त्या लाइनचा भार शेजारच्या लाइनींवर, त्या पडल्या, आणि दोन्हीकडच्या लाटांमधले अंतर वाढत जाऊन दोघी तुटल्या. एक लाट दुसरीच्या किती पुढे आहे, तो कोन तिच्या आकड्यात दिसत नाही. तेव्हापासून उपकेंद्रांमध्ये उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवलेली, सेकंदाला कित्येकदा तो कोन मोजणारी यंत्रे वाढवत नेली. तिला नुसते विचारून भागत नाही. कोण किती ताणले गेलेय तेही पाहावे लागते, हे आम्ही त्या दोन दिवसांत शिकलो.

माणसांच्या भांडणाचा तिला कसा त्रास होतो, त्याची एक गोष्ट युरोपातली. २०१८ च्या सुरुवातीला सर्बिया आणि कोसोव्हो यांच्यातल्या वादात काही वीज कुणीच भरून देईना. तिथली पन्नाशीची हजारांश भागांनी मंदावली. रोज जाणवू नये एवढे, पण ओव्हनवरची आणि पलंगाशेजारची घड्याळे तिच्या ठोक्यांवर चालणारी. मार्चपर्यंत पंचवीस देशांतली ती घड्याळे सहा मिनिटे मागे पडली. भांडण बाल्कनमधले आणि कामाला उशीर जर्मनीत.

तिचा सगळ्यात कसोटीचा दिवस मात्र मी निवृत्तीनंतर घरी बसून पाहिला. ५ एप्रिल २०२०, कोरोनाच्या टाळेबंदीत पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे बंद करून पणत्या लावायच्या होत्या. ग्रीडवाल्यांचा अंदाज १२ ते १४ हजार मेगावॅट कमी होण्याचा. प्रत्यक्षात उतरले ३१ हजार. पण डिस्पॅचरांनी आधीच औष्णिक युनिटे खाली आणून जलविद्युत भरून ठेवली होती, म्हणजे उतरवायला हातात पाणी असावे म्हणून. मग जलविद्युत पंचवीस हजारांवरून आठ हजारांपर्यंत उतरवली, आणि दिवे लागू लागताच पुन्हा चढवली. बाल्कनीत शेजारी थाळ्या आणि पणत्यांत दंग होते. मी मोबाइलवर तिचा आकडा धरून बसलो होतो. सगळा वेळ ती ४९.७० आणि ५०.२६ च्या मध्ये राहिली. पायरीला ठेच लागून सावरलेल्या बाईसारखी.

अलीकडे तिच्या घरात नव्या पिढीचा भरणा आहे. सौर पॅनेलमध्ये फिरते काहीच नाही. मोडायला कनवटीची पुंजी नाही. बहुतेक इन्व्हर्टर नुसते ऐकणारे: ती कुठे आहे ते पाहतात आणि तिच्या सुरात आपला सूर मिळवतात. ऐकणारे फार झाले आणि धरून ठेवणारे कमी, तर ती चंचल होते, लवकर पडते, लवकर चढते. म्हणून आता असे इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या येत आहेत की जे नुसते ऐकत नाहीत, वेळ पडली तर स्वतः लय धरतात. जुन्या रोटरांचा तो जडपणा त्यांना गणिताने शिकवावा लागतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीने गच्चीवर पॅनेल बसवली. महिन्याभरात एका दुपारी लाइट गेली. शेजारचे आप्पा तावातावाने वर आले. “अहो, डोक्यावर एवढं ऊन, पॅनेल तापून लाल व्हायची बाकी, आणि लिफ्ट बंद? मग हे बसवलं कशाला?” मी त्यांना इन्व्हर्टरजवळ नेले. लाइनवर कुणी काम करत असेल तर त्याला शॉक बसू नये, म्हणून ती नसेल तेव्हा हा गप्प बसतो, हे त्यांना सांगितले. आप्पांना पटले नाही. सूर्य आपला, गच्ची आपली, आणि वाट बघायची ती कुणाची?

वीस मिनिटांनी खाली पंखे फिरू लागले. आप्पा जिन्याकडे वळले, तर मी म्हटले, थांबा. इन्व्हर्टरचा पडदा जागा झाला होता, पण तो जोडला नव्हता. पडद्यावर ४९.९७, मग ५०.०२, मग ५०.००, आणि खाली सेकंद उलटे मोजले जात होते. तो नुसता ऐकत होता. “आता आलीय ना लाइट, मग जोडत का नाही?” आप्पा म्हणाले. मी काही बोललो नाही. सेकंद संपले, आतला रिले खट् करून बसला, आणि आप्पांना वाटले काहीच झाले नाही.